पहिल्यांदाच कायरोप्रॅक्टरकडे जाते आहे, तिथं नेमकं काय करतात?

टाके_आणि_टिपा (राजेंद्र नगर, इंदूर) · सोमवार, रात्री ९:५०

मंडळी, कायरोप्रॅक्टरची, म्हणजे हातानं मणके-सांधे हलवून पाठ-कंबरेवर उपचार करणाऱ्याची, गुरुवारी सकाळी ११ ची वेळ घेतली आहे आणि आजपासूनच धडधडतंय, म्हणून इथं विचारते.

गेल्या महिन्यात वर्षाचा गहू भरला. चार गोण्या शरबती. हमाल पोर्चमध्ये टाकून गेला. मी आणि मुलगा तपेल्या-तपेल्यानं कोठीत ओतत होतो. शेवटची गोणी निम्मी राहिली तेव्हा मुलाला फोन आला, तो बाजूला गेला, आणि मी ती एकटीनंच उचलून कोठीच्या तोंडाशी टेकवायला गेले. तिथंच कंबरेत उसण भरली. गोणी हातातून सुटली, पोर्चभर गहू, आणि मी कोठीला धरून उभी.

त्याला पाच आठवडे झाले. चालताना फार त्रास नाही. पण मशीनवर अर्धा तास बसलं की उजवीकडे चमक येते आणि कुल्ल्यापर्यंत उतरते. माझं घरी ब्लाउज शिवायचं आणि फॉल-पिकोचं काम आहे. लग्नसराई चालू आहे, अकरा ब्लाउज बेतायचे पडलेत, आणि कापड बेतायला मला जमिनीवर बसायचीच सवय. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या, शेक घ्या म्हणाले, एक्स-रेची आत्ता गरज नाही म्हणाले. गोळीचा असर आहे तोवर बरं, मग पुन्हा तेच.

नणंदेनं या कायरोप्रॅक्टरचं नाव सुचवलं. मग मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. मान धरतात, एक झटका देतात, कडाड! ते पाहिल्यापासून झोप उडाली आहे. सासूबाई म्हणतात, त्यापेक्षा एखादा पायाळू (जन्मताना आधी पाय बाहेर आलेला) माणूस शोध आणि पाठीला त्याचा पाय लावून घे.

कोणी गेलं आहे का? पहिल्याच दिवशी झटके देतात का? उपाशी जायचं की खाऊन? कपडे कोणते? तो आवाज हाडांचा असतो का? आणि मला मान कोणाच्या हातात द्यायची नाहीये, तसं सांगितलं तर चालतं का?


अण्णा_लोकमान्यनगर · सोमवार, रात्री १०:३५

ताई, घाबरू नका. माझा अनुभव टोरांटोचा आहे. लेकीकडे गेलो असताना पाठ धरली होती. तिथं हा परवाना घेऊन करायचा व्यवसाय आहे. पहिल्या भेटीत पहिला अर्धा तास बाईंनी मला हातसुद्धा लावला नाही. आधी चार-पाच पानी फॉर्म भरून घेतला. पूर्वी कधी पडलात का, हाड मोडलंय का, ऑपरेशनं कोणती, रोजची औषधं कोणती. लेक म्हणाली, बाबा, पाठीला औषधांचं काय, पुढं चला. पण मी सगळी लिहिली. माझे ठोके अनियमित आहेत, त्यासाठी रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. ते वाचून बाईंनी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं, तुमच्या मणक्याला मी जोराचा झटका देणार नाही. हलक्या हातानं सांधे हलवले, तीन व्यायाम शिकवले आणि घरी पाठवलं.

त्यांनी नाही म्हटलं म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. तुम्हीही सगळी औषधं कागदावर लिहून न्या. थायरॉइडची असली तरी लिहा, आयुर्वेदिक काढा असला तरी लिहा.

खाऊन जा, पण तुडुंब नको. पालथं झोपवतात. पोहे-जिलेबी हाणून गेलात तर टेबलावर जीव घाबरेल.


सुपर_कॉरिडॉर · सोमवार, रात्री ११:१०

आवाजाबद्दल सांगतो, कारण मलाही तीच भीती होती. हाडावर हाड आपटून तो आवाज येत नाही. सांध्यामध्ये वंगणासारखा द्रव असतो. सांधा एकदम ताणला गेला की आतला दाब उतरतो आणि त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते. बोटं मोडताना होतं तेच. २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी एमआरआय चालू असताना बोट ओढून हे प्रत्यक्ष पाहिलं. म्हणूनच एकदा मोडलेलं बोट लगेच पुन्हा वाजत नाही, साधारण वीस मिनिटं जावी लागतात.

आवाज आला नाही म्हणजे उपचार झाला नाही असं नसतं. आणि मोठा आवाज म्हणजे मोठा गुण असंही नसतं. व्हिडिओत माइक मणक्याला चिकटवून ठेवतात, म्हणून ते इतकं भयंकर वाटतं.

मी ऑफिसच्या खुर्चीमुळे गेलो होतो. पहिल्या दिवशी फक्त तपासणी झाली, उपचार दुसऱ्या भेटीत. काही जण त्याच दिवशी सुरू करतात. फोन करून विचारून घ्या, म्हणजे तेवढा वेळ काढून जाता येईल.


फिजिओ_पलासिया · मंगळवार, सकाळी ७:२०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कायरोप्रॅक्टर नाही, हे आधीच सांगते. क्लिनिकला निघायच्या आधी लिहिते आहे, पण पूर्ण वाचा.

ताई, पुढचं काही होत असेल तर गुरुवारची वाट पाहू नका आणि कायरोप्रॅक्टरकडेही जाऊ नका: लघवी अडणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, सायकलच्या सीटवर टेकतो तो मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं. कंबरेत खाली नसांचा जो झुपका असतो तो दाबला गेला की असं होतं. त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं. उशीर झाला तर ताबा परत येईलच असं नाही.

पायातली ताकद कमी झाली असेल, म्हणजे चालताना चप्पल निसटते, पायरीला पंजा अडकतो, तरी आधी डॉक्टर. पाठदुखीबरोबर ताप, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी कधी कॅन्सर झालेला असणं, पडल्यावर सुरू झालेलं दुखणं, रात्री कोणत्याही कुशीवर न थांबणारं दुखणं, बरेच महिने घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, हाडं ठिसूळ असल्याचं निदान, यांपैकी काहीही असलं तरी आधी डॉक्टर. तुम्ही लिहिलंय त्यावरून यातलं काही दिसत नाही, पण मी तुम्हाला तपासलेलं नाही.

आता पाटीबद्दल. आपल्याकडे कायरोप्रॅक्टिकसाठी वेगळी वैधानिक परिषद नाही. फिजिओथेरपी २०२१ च्या केंद्रीय कायद्याखाली येते, तशी याची स्थिती नाही. त्यामुळे पाटी वाचून काहीच कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात पूर्ण शिक्षणासाठी चार वर्षं पूर्णवेळ आणि किमान ४,२०० तास धरले आहेत. शनिवार-रविवारच्या कोर्सनं ते होत नाही. तेव्हा सरळ विचारा, 'तुम्ही कुठं शिकलात? किती वर्षांचा कोर्स होता?' चांगल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

मान द्यायची नसेल तर नका देऊ. कंबरेच्या दुखण्यासाठी मानेला झटका द्यायचं काही कारणच नाही. मानेच्या मणक्यांना बाजूनं भोकं असतात आणि त्यांतून दोन रक्तवाहिन्या मेंदूच्या मागच्या भागाकडे जातात. मान झटक्यात फिरवल्यावर क्वचित त्यांचं आतलं अस्तर फाटतं, तिथं गुठळी होते आणि ती वर गेली तर पक्षाघात होतो. हे फार दुर्मीळ आहे. पण ज्याच्या वाट्याला येतं त्याचं वय पुष्कळदा चाळिशीच्या आतबाहेर असतं, म्हणून मी हे प्रत्येकाला सांगते.


सराफ्याजवळचा · मंगळवार, सकाळी ९:०५

फिजिओताईंनी मानेचं लिहिलं म्हणून मी लिहितो, नाहीतर हे इथं सांगणार नव्हतो.

माझे मेहुणे, वय ४१. एका सलूनमध्ये दाढी-कटिंग झाल्यावर डोक्याची चंपी, आणि मग नेहमीसारखी मान दोन्हीकडे कडाक-कडाक. वर्षानुवर्षं करून घेत होते. त्या दिवशी घरी आले ते मानेच्या मागं दुखतंय म्हणत. म्हणाले, असं कधी दुखलं नव्हतं. दुपारी जेवताना घास गिळेना, बोलणं जड झालं, भिंत धरून चालायला लागले. आम्हाला वाटलं पित्त. ताकात साखर घालून दिली, झोपवलं. चार तास वाया घालवले. स्कॅन केल्यावर कळलं की मानेतली रक्तवाहिनी फाटली आहे.

आज ते चालतात, दुकानात बसतात, पण उजवा हात भाजी चिरण्याइतका नेमका राहिला नाही. सलूनवाल्याचा हेतू वाईट नव्हता, त्याच्या वडिलांपासून ते तसंच करत आले. पण कोणी मान मोडू दिली असेल आणि नंतर नवीनच प्रकारचं मानदुखणं किंवा डोकेदुखी, चक्कर, दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं असं काही झालं तर १०८ ला फोन करा. ताक देत बसू नका.


बडोद्याची_मावशी · मंगळवार, दुपारी २:१५

इंदूर माझं माहेर, रामबागेत वाढले, म्हणून हा धागा उघडला.

पायाळूचं आमच्याकडेही होतं. शेजारचे एक काका पायाळू होते, त्यांच्याकडे पहाटेपासून उसण भरलेली माणसं यायची. ते पाठीला तीनदा पाय लावायचे, पैसे घेत नसत. पुष्कळांना बरं वाटायचं. पण उसण अशीही पुष्कळदा काही दिवसांत-आठवड्यांत आपली आपण उतरते, हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंना वाईट वाटू देऊ नकोस हं, 'आधी गुरुवारी दाखवून येते' एवढंच म्हण.

तू जे विचारलं नाहीस ते सांगते, कारण बाईमाणसाला ते विचारायला जड जातं. साडी नेसून जाऊ नकोस. सैल सलवार-कुर्ता किंवा ट्रॅक पँट घाल, कमरेला जाड नाडीची गाठ नको, पालथं झोपल्यावर रुतते. मंगळसूत्र, कानातलं लांब असेल तर घरी ठेव, नाहीतर छोट्या पाकिटात काढून ठेव. केसांचा मोठा क्लिप नको, टेबलाला तोंडासाठी खाच असते तिथं डोकं नीट बसत नाही. तपासणारा पुरुष असेल तर नणंदेला आत बसू दे. 'सोबत कोणी आत नको' म्हणाले तर उठून ये. पाठ, कंबर, पाय यांना हात लावावाच लागतो, पण प्रत्येक वेळी आधी सांगून लावायला हवा.


मालव्यातला_मी · मंगळवार, रात्री ८:४०

माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते मनापासून सांगतो.

कायरोप्रॅक्टिक कुठून आलं हे जाण्याआधी माहीत असलेलं बरं. १८९५ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ चुंबकीय उपचार करायचे. त्यांच्या इमारतीत सफाईचं काम करणारे हार्वी लिलार्ड यांना ऐकू कमी यायचं. पामरनी त्यांच्या पाठीतला एक मणका दाबला आणि ऐकू येऊ लागलं, असं सांगतात. त्यावरून पामरनी सिद्धान्त मांडला की बहुतेक सगळे आजार मणके सरकल्यामुळे नसा दाबल्या जाऊन होतात. आता कानाची नस कवटीच्या आतूनच मेंदूला मिळते, ती पाठीच्या मणक्यांतून जातच नाही. नाव ग्रीक शब्दांवरून, 'हातानं केलेलं'.

मणका असा सरकून बसतो आणि दाबला की जागेवर जातो, या कल्पनेला आधार सापडलेला नाही. पण कंबरदुखीसाठी हातानं दिलेल्या झटक्याचा उपयोग होतो का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर 'थोडाफार होतो' असं आहे. अमेरिकेतल्या फिजिशियन मंडळींच्या संघटनेनं २०१७ मध्ये सांगितलं की साध्या कंबरदुखीला गोळ्यांच्या आधी शेक, मसाज, व्यायाम, मणक्यांवरचे हाताचे उपचार यांतलं काही करून पाहावं. ब्रिटनच्या २०१६ च्या सूचनांमध्ये म्हटलंय की हाताचे उपचार व्यायामाला जोडूनच द्यावेत, नुसते नाहीत.

म्हणून ताईंनी कंबरेसाठी जरूर जावं. पण तिथला माणूस दमा, शुगर, लहान मुलाचा कान असं काहीही मणक्यावरून बरं करतो म्हणाला, तर तो १८९५ मध्येच आहे असं समजावं आणि नमस्कार करून निघावं.


वैशालीनगरची_वहिनी · मंगळवार, रात्री ९:३०

पैशांचं कोणीच बोललं नाही. आम्ही एका ठिकाणी गेलो होतो, नाव लिहीत नाही. दहा मिनिटांत यांची पाठ पाहिली, एक्स-रे काढायला लावला, पडद्यावर लाल रेघा मारून दाखवल्या आणि 'आत्ता केलं नाही तर पाच वर्षांत काठी लागेल' म्हणाले. २४ सिटिंगचं पॅकेज, आजच भरलं तर सूट. हे घाबरले आणि भरलं. सहा सिटिंगनंतर बरं वाटलं, उरलेल्यांचे पैसे परत मागितले तर पावतीवर 'परत मिळणार नाहीत' छापलेलं दाखवलं. ते आम्ही भरताना वाचलं नव्हतं.

तेव्हा पहिल्या दिवशी फक्त त्या दिवसाचे पैसे द्या. घाबरवून घाई करतात तिथून बाहेर पडा, घरी या, चहा घ्या, मग ठरवा.


टाके_आणि_टिपा · बुधवार, रात्री १०:००

सगळ्यांचे किती आभार मानू. फिजिओताई, तुम्ही लिहिलेलं एकेक वाचून स्वतःला तपासलं, त्यातलं काही नाही. औषधांची चिठ्ठी केली. नणंद आत बसणार आहे. सराफ्याजवळचे दादा, तुमच्या मेहुण्यांचं वाचून पोटात कालवलं. आमचे हे दर महिन्याला मान मोडून घेतात. आज जेवताना त्यांना तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण ताट धुताना म्हणाले, बंद.


टाके_आणि_टिपा · गुरुवार, रात्री ९:१५

जाऊन आले. डोक्यात ताजं आहे तोवर सगळं लिहून काढते, माझ्यासारख्या कोणाला तरी उपयोगी पडेल.

गीता भवनच्या बाजूला आहे. आधी फॉर्म. मग ते समोर बसले आणि बोलणंच बोलणं. दुखणं कुठं, बोटानं दाखवा. गुडघ्याखाली जातं का? मुंग्या येतात का? खोकला-शिंक आली की वाढतं का? सकाळी जास्त की संध्याकाळी? पाळी बंद होऊन दोन वर्षं झाली म्हटल्यावर, हाडांची तपासणी कधी केली आहे का, किरकोळ पडूनही हाड मोडलंय का, हे विचारलं. कुठं शिकलात हे मी विचारलं. जीव मुठीत धरून विचारलं, पण त्यांनी अगदी सहज सांगितलं, परदेशातलं कॉलेज, चार वर्षांचा कोर्स, आणि भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवलं.

बी.पी. मोजलं. मग उभं केलं. चवड्यांवर चाला, टाचांवर चाला. पुढे वाका, माझे हात गुडघ्यांशीच थांबले. मग उताणं झोपवून एकेक पाय सरळ वर उचलला आणि प्रत्येक वेळी विचारलं, इथं? अजून वर? गुडघ्यावर आणि टाचेमागं छोटी हातोडी. पायाचा अंगठा वर ढकला, मी दाबतो, तुम्ही सोडू नका. पोटऱ्यांना कापूस लावून दोन्हीकडे सारखं कळतं का ते पाहिलं. नस दाबल्याचं लक्षण नाही म्हणाले. एक्स-रे मागितला नाही.

मग पालथं. टेबलाला तोंडापुरती फट, त्यावर कागद. तुम्हाला कसं सांगू, त्यांचा अंगठा एकेका मणक्यावरून असा खाली येत होता जसं मी तयार ब्लाउजची शिवण बोटानं तपासते. डोळे लागत नाहीत त्याला, एखादी टीप सुटली असेल तर बोटालाच कळतं. कंबरेच्या खाली उजवीकडे आले आणि मी न सांगताच थांबले. तेच ठिकाण.

उठवून बसवलं, प्लॅस्टिकचा मणका हातात दिला. सांधे आणि भोवतीचे स्नायू धरले गेलेत, हाड वगैरे सरकलेलं नाही, हे त्यांचे शब्द. (मालव्यातला मी, हे तुमच्यासाठी.) तीन गोष्टी करता येतील म्हणाले. हातानं झटका, किंवा स्प्रिंगचं छोटं उपकरण टेकवून ठोका, किंवा नुसतं हळूहळू हलवणं. त्रास काय होऊ शकतो तेही सांगितलं, एक-दोन दिवस अंग ठणकेल. मी म्हटलं, मान नको. त्यांनी कागदावर 'मान: नाही' लिहिलं आणि कागद माझ्याकडे फिरवून दाखवला. तिथं माझी अर्धी भीती गेली.

डाव्या कुशीवर झोपवलं, वरचा गुडघा पोटाकडे, खांदा मागं. नणंद समोरच होती. 'श्वास घ्या... सोडा,' आणि सोडता सोडता एक धक्का. कडाड नाही हो, गाठ सुटल्यासारखं 'टक'. दुखलं नाही. जागा गरम झाली. दुसऱ्या कुशीवर आवाज आलाच नाही. उभं करून पुन्हा वाकायला सांगितलं, हात गुडघ्याच्या चार बोटं खाली गेले.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते. त्यांनी एक स्टूल ओढलं आणि म्हणाले, मशीनवर बसता तशा बसा. मी बसले. पायडलवर उजवा पाय पुढे, डावा स्टुलाखाली दुमडलेला, सगळं अंग उजवीकडे कललेलं, मान सुईपाशी. असं किती तास? म्हटलं, सहा-सात. बावीस वर्षं. ते थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, गोणी निमित्त झाली. दर पंचवीस मिनिटांनी उठायचं, दोन्ही पाय खाली टेकायचे, कापड जमिनीवर बेतायचं नाही. दोन व्यायाम दिले. पडून राहू नका म्हणाले.

सगळे मिळून पन्नास मिनिटं, त्यात प्रत्यक्ष उपचार पाच मिनिटांचासुद्धा नसेल. पॅकेज नाही. आठवड्यानं या, तीन-चार भेटींत फरक नाही पडला तर मी पुढे करणार नाही, डॉक्टरांकडे परत जा, असं स्वतःच म्हणाले.

आत्ता कंबर ठणकते आहे, डबाभर मसाला कुटल्यावर दंड दुखतात तसं. शेक घेते.


फिजिओ_पलासिया · शुक्रवार, सकाळी ७:००

वाचून फार बरं वाटलं. तपासणी नीट झाली आहे. ठणका दोन दिवसांत गेला पाहिजे. वाढला, पायात उतरला किंवा मुंग्या सुरू झाल्या तर पुढच्या भेटीची वाट न पाहता कळवा.


मालव्यातला_मी · शुक्रवार, दुपारी १:२०

त्या गृहस्थांबद्दल आदर वाटला. एक विचारतो, राग नसावा. आता बरं वाटलं तर ते धक्क्यानं की उठबशीनं की पाच आठवडे उलटले म्हणून, हे कसं कळणार?


टाके_आणि_टिपा · शुक्रवार, रात्री ९:४५

राग कसला. नाहीच कळणार. मीही दिवसभर तेच मनात घोळवत होते. पण बावीस वर्षांत मी कशी बसते हे कोणी पाहिलं नव्हतं, मीसुद्धा नाही. ते पाहिलं गेलं याचं मोल मला त्या धक्क्याहून जास्त वाटतं.


टाके_आणि_टिपा · चौथ्या आठवड्यात, रविवार, सकाळी ११:३०

कळवायचं राहिलं होतं. तीन भेटी झाल्या. चौथीची गरज नाही, व्यायाम चालू ठेवा म्हणाले. चमक आता फक्त खूप वेळ स्कूटरवर बसलं तर येते. यांनी जुन्या तख्ताच्या पायांखाली विटा लावून तो कमरेइतका उंच करून दिला, त्यावर उभ्यानं बेतते. पहिल्या दोन ब्लाउजांचा मुंढा चुकला, कारण उभ्यानं कात्री वेगळी चालते. आता हात बसला. मशीनपाशी मुलाचा गजर आहे, पंचवीस मिनिटांचा. पुढच्या वर्षीचा गहू दहा-दहा किलोच्या पिशव्यांतून घ्यायचा ठरलंय.


तिलक_नगरची_लेक · रविवार, दुपारी ४:१०

ताई, पूर्ण धागा वाचला. आईला घेऊन जाऊ का तुम्ही गेलात तिथं? वय ७२, पाठीच्या मधोमध दुखतं. दोन वर्षांपूर्वी बाथरूममध्ये घसरून मनगट मोडलं होतं. अलीकडे पोक आल्यासारखं वाटतं, उंचीही कमी झाली आहे.


फिजिओ_पलासिया · रविवार, दुपारी ४:३५

टाके ताईंच्या आधी मीच उत्तर देते. आत्ता नेऊ नका. साधं घसरून मोडलेलं मनगट, पोक, कमी झालेली उंची, हे हाडं ठिसूळ झाल्याचं लक्षण असू शकतं, आणि मणका दबून त्याला बारीक फ्रॅक्चरही असू शकतो. अशा पाठीला झटका द्यायचा नसतो. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. एक्स-रे आणि हाडांची घनता मोजायची तपासणी ते सांगतील. तोवर मालीशवाल्यालाही पाठ दाबू देऊ नका.


तिलक_नगरची_लेक · रविवार, संध्याकाळी ६:५०

मालीशवाली बाई दर रविवारी येते. आत्ताच दारातून परत पाठवली. मंगळवारी हाडांच्या डॉक्टरांची वेळ मिळाली आहे, काय म्हणतात ते इथंच लिहीन.